घाटात हरवलेली दोन युनिटं

*शाळेत पाठ केलेला ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पेपर देऊन आपण विसरलो. तो मात्र आपल्याला विसरलेला नाही. एक्स्प्रेसवेवर, लोकलमध्ये आणि सिंहगडाच्या पायवाटेवर तो रोज आपला हिशेब लिहितोय.*

खंडाळ्याचा घाट उतरून गाडी खालापूरच्या टोलनाक्याला लागली आणि काच खाली केली की एक वास येतो. तापलेलं लोखंड आणि करपलेलं रबर यांची भेसळ असावी तसा. एक्स्प्रेसवेने नेमाने ये-जा करणाऱ्यांच्या तो ओळखीचा आहे. कधी तो शेजारच्या लेनमधल्या ट्रकचा असतो, कधी पुढच्या टुरिस्ट गाडीचा, तर कधी चक्क आपल्याच गाडीचा. आपण काच वर करतो, एसी वाढवतो, फास्टॅग वाजला की पुढे निघतो. डोक्यात सोमवारचं प्रेझेंटेशन असतं.

तो वास कशाचा आहे सांगू? लोणावळ्याच्या उंचीचा!

गंमत नाही करत. फिजिक्सशी माझा काडीमोड बारावीच्या निकालाच्या दिवशीच झाला, त्यामुळे समीकरणं काढून तुम्हाला छळणार नाही. पण हा हिशेब इतका साधा आहे की रिक्षाच्या भाड्यावर हुज्जत घालणाऱ्या कुणालाही जमावा.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं वर आहे आणि घाटाचा पायथा त्याच्या साधारण ५०० मीटर खाली. तुमची हॅचबॅक, आत तुम्ही चौघं, डिकीत बॅगा आणि चिक्कीची पाकिटं, असं सगळं मिळून दीड टन वजन धरू. दीड टन वजन ५०० मीटर खाली येतं तेव्हा त्यातून जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे दोन युनिट विजेइतकी. तेच युनिट, जे वीजबिलावर छापून येतं. एवढ्या ऊर्जेत २३ लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येतं. म्हणजे आंघोळीची मोठी बादली भरून उकळतं पाणी.

आता खरी मेख. गाडी वर होती तेव्हा तिच्याकडे ही ऊर्जा होती. खाली आली तेव्हा नाही. वेग तर घाटाच्या वरही साठ होता आणि खालीही साठच आहे. मग दोन युनिटं गेली कुठे?

नियम सोपा, पळवाट नाही

शाळेतलं वाक्य आठवतंय? ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळायचे. त्यातला दम मात्र कुणी सांगितला नाही. याचा अर्थ असा, की चालत्या गाडीला 'थांबवता' येतच नाही. तिची ऊर्जा दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारावी लागते. ब्रेक ही गाडी थांबवायची वस्तू नाही, ती गतीची उष्णता करणारी शेगडी आहे. पायाखालचं पेडल म्हणजे त्या शेगडीचं बटण.

झोपाळा आठवा. एका टोकाला झोका क्षणभर थांबतो, तेव्हा त्याच्याकडे नुसती उंची असते. मधोमध येतो तेव्हा उंची संपलेली आणि वेग सगळ्यात जास्त. पलीकडे गेला की वेग पुन्हा उंचीत जमा. ही देवाणघेवाण इतकी चोख असते की फिजिक्सचे काही हौशी शिक्षक छताला टांगलेला जड गोळा आपल्या नाकाला टेकवून सोडतात आणि परत येताना जागचे हलत नाहीत. गोळा नाकापर्यंत येतो, पण नाकाला लागत नाही, कारण सोडलेल्या उंचीपेक्षा वर जायला त्याच्याकडे जास्तीची ऊर्जाच नसते. (गोळा नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. घरी करून बघू नका.)

मग झोका हळूहळू मंदावतो का? हवेला धक्के देण्यात आणि कड्यांच्या घर्षणात थोडी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते म्हणून. ही उष्णता म्हणजे सुद्धा ऊर्जाच, हे मानायला माणसाला बराच वेळ लागला. जेम्स जूल नावाच्या मँचेस्टरजवळच्या माणसाने १८४०च्या दशकात पाण्यात वल्ही फिरवून, खाली उतरणाऱ्या वजनामुळे पाणी नेमकं किती तापतं ते मोजलं. बीअर बनवणाऱ्या घराण्यातला हा गडी, प्राध्यापक-बिध्यापक नव्हता. त्याने जे दाखवलं त्याचीच आवृत्ती आपण दर रविवारी संध्याकाळी घाटात काढतो. फक्त पाण्याऐवजी आपण ब्रेक डिस्क तापवतो.

वेगाचा वर्ग आणि तेराव्या मजल्यावरची गाडी

उंचीचा हिशेब सरळ आहे. दुप्पट उंची, दुप्पट ऊर्जा. वेगाचं तसं नाही, आणि इथेच आपली अंतःप्रेरणा दगा देते.

अठराव्या शतकात यावर युरोपात जोरदार भांडणं झाली. वेग दुप्पट केला तर गतीतली ऊर्जा दुप्पट होते की चौपट? विलेम स्ग्राव्हसांडे या डच संशोधकाने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने आदळणारा गोळा मातीत दुप्पट नाही, चौपट खोल खड्डा करत होता. हा प्रयोग लोकांपर्यंत नेला आणि त्याचा अर्थ ठणकावून मांडला तो एमिली द्यु शातले या फ्रेंच बाईने, १७४०च्या आपल्या पुस्तकात. व्होल्टेअरची मैत्रीण म्हणून तिची ओळख सांगायची पद्धत आहे, पण न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चा फ्रेंच अनुवाद तिने केलाय, आणि तोही असा की आजही वापरात आहे. व्होल्टेअरची ओळख 'एमिलीचा मित्र' अशी करून दिली तरी चालावं.

तर चौपट. हे एक्स्प्रेसवेवर आणून बघू. ५० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा म्हणजे तीच गाडी जवळपास १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून म्हणा, खाली पडण्याइतकी. मग १०० किमीला सहावा मजला? नाही. १०० किमीला ३९ मीटर. तेराव्या मजल्याच्या आसपास! ताशी शंभरने निवांत गाणी ऐकत जाताना आपण तेराव्या मजल्याच्या कठड्यावर पाय सोडून बसलेलो असतो, फक्त तिथला वारा एसीचा असतो.

याहून एक हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. दोन सारख्या गाड्या शेजारशेजारच्या लेनमध्ये चालल्यात. एक ८०ने, दुसरी १००ने. समोर अचानक दोन्ही लेन अडवून ट्रक आडवा. दोघं एकाच ठिकाणी, एकाच क्षणी, सारख्याच ताकदीने ब्रेक दाबतात. ८०वाली गाडी ट्रकच्या अगदी जवळ, टेकता टेकता थांबते. १००वाली ट्रकला किती वेगाने धडकेल?

ऑफिसातल्या सात-आठ जणांना मी हे विचारलं. उत्तरं वीस, तीस, फार तर पस्तीस. खरं उत्तर ६०.

कसं ते बघा. ८०चा वर्ग ६४००, १००चा वर्ग १००००. ब्रेकनी तेवढ्या अंतरात दोन्ही गाड्यांमधून सारखीच ऊर्जा काढून घेतली, ६४०० भाग. पहिलीकडे काही उरलं नाही. दुसरीकडे ३६०० उरले, आणि ३६००चं वर्गमूळ ६०. म्हणजे 'फक्त वीसने जास्त' चालवणाऱ्याला साठने धडकायचं आहे. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. त्या सेकंदात ८०वाली २२ मीटर गेलेली असते आणि १००वाली २८. तो धरला तर साठचेही पासष्ट-सत्तर होतात.

कोथरूडहून बीकेसीला वेगात जाऊन किती मिनिटं वाचतात हे ज्याचं त्याने मोजावं. अमृतांजन पूल २०२० साली पाडला तरी बोरघाटातला ट्रॅफिक जॅम जागेवरच आहे, आणि वाचवलेली मिनिटं बहुधा तिथेच खर्च होतात.

'ताई, उताराला गाडी फुकट पळते'

आता मूळ प्रश्नाकडे. दोन युनिटं.

त्यातली साधारण निम्मी हवा आणि टायर खातात. गाडीला हवा बाजूला सारावी लागते, टायर सतत दबत-फुगत असतो, त्यात ऊर्जा मुरते. उरलेली निम्मी कुणीतरी घ्यायला हवी. दोनच उमेदवार आहेत, ब्रेक किंवा इंजिन. आणि कुणी घ्यायची हे ड्रायव्हरच्या डाव्या हाताखालची दांडी ठरवते.

मागच्या पावसाळ्यात शेअर कॅबने मुंबईला जात होते. पुढच्या सीटवर मी, मागे तिघं झोपलेले. खंडाळ्याचा बोगदा ओलांडला आणि ड्रायव्हरकाकांनी गाडी सरळ न्यूट्रलला टाकली. इंजिनचा आवाज एकदम बसला.

"काका, गिअरमध्ये नाही ठेवत?"

"कशाला ताई? उताराला गाडी फुकट पळते. डिझेल वाचतं. पंधरा वर्षं असाच उतरतोय."

काकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांना हे ज्याने शिकवलं त्याचं चुकलं नव्हतं. अ‍ॅम्बेसेडर-पद्मिनीच्या जमान्यात इंजिनाला कार्ब्युरेटर होता. गाडी गिअरमध्ये असली की अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन जोरात फिरायचं आणि इंधन ओढत राहायचं. न्यूट्रलला टाकलं की थोडं वाचायचं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये, पेट्रोल असो वा डिझेल, उलटं आहे. गाडी गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला आणि चाकंच इंजिनाला फिरवतायत, हे कॉम्प्युटरला कळलं की तो इंधन पूर्ण तोडतो. थेंबही जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी इंधन जाळतं. तासाला अर्धा ते एक लिटरच्या हिशेबाने. म्हणजे घाटात न्यूट्रल टाकून काकांचं डिझेल वाचत नाही, उलट थोडं जातंच.

मी हे त्यांना सांगितलं, जमेल तितक्या नम्रपणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मीटरकडे.

"कंपनीवाले काहीही सांगतात," असं म्हणून त्यांनी तिसरा टाकला. माझ्या समाधानासाठी असेल. पण टाकला.

तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात काय होतं? चाकं इंजिनाला फिरवायला लागतात. इंजिन म्हणजे हवेचा पंप. तो फिरवायला ऊर्जा लागते, ती गाडीच्या गतीतून जाते आणि शेवटी रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे हवेत सोडली जाते. ही उष्णता बाहेर टाकायचीच त्यांची नोकरी आहे, दिवसभर तेच करतात. मोठ्या ट्रक-बसना यासाठी एक्झॉस्ट ब्रेकही असतो. तो धुराची वाट अडवून इंजिनाला जास्त विरोध करायला लावतो.

ब्रेकचं तसं नाही. शंभरच्या वेगावरून एकदा कचकन थांबायला ब्रेकना जेवढी ऊर्जा गिळावी लागते, त्याच्या जवळपास तेरा पट ऊर्जा दीड टनाच्या गाडीची घाटात मोकळी होते. हवा आणि टायरचा वाटा वजा केला तरी सहा-सात पट उरते. न्यूट्रलमध्ये ती सगळी चार चाकांतल्या थोड्याशा लोखंडावर येते. ट्रकची कथा याहून वाईट. २५ टनांच्या ट्रकची ५०० मीटरची ऊर्जा ३४ युनिटं, म्हणजे ३९० लिटर पाणी उकळवण्याइतकी. आणि वजनाच्या मानाने त्याला हवा-टायरचा विरोध कमी, त्यामुळे त्यातली बहुतेक ब्रेकवरच येऊन आदळते.

ब्रेक तापले की दोन गोष्टी होतात. एक, पॅडची पकड कमी होते. पेडल तितकंच कडक लागतं, पण गाडी ऐकत नाही. दुसरी जास्त भीतिदायक. ब्रेक पाइपमध्ये जे तेल असतं ते हळूहळू हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना २०० अंशांच्या वर उकळणारं तेल जुनं झालं, पाणी मुरलं की दीडशेच्या आसपासच उकळायला लागतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता आणि ते मऊ लोण्यासारखं तळाला जातं. पलीकडे ब्रेकला निरोपच पोचलेला नसतो. म्हणूनच कंपन्या ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला म्हणतात. तुमच्या गाडीचं शेवटचं कधी बदललं होतं?

पिंपरीतल्या ज्या गॅरेजवाल्याकडून मी हे नीट समजून घेतलं, तो हसून म्हणाला, "घाटात न्यूट्रल टाकणारे आमचे लाडके कस्टमर. पॅड वर्षाला बदलतात." मग हसू आवरून त्याने एक गोष्ट तीनदा सांगितली. उतारावर इंजिन बंद तर कधीच करायचं नाही. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या जिवावर चालतो. दोन-तीन दाबांत तो संपतो, मग पेडल दगड होतं. स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, तुमचीही सुटका नाही. 'डी'मध्ये ठेवून ब्रेकवर पाय टाकून बसू नका. 'एल', 'टू' किंवा मॅन्युअल मोड, जे असेल ते घाटासाठीच दिलंय. ढोबळ नियम जुन्या ड्रायव्हरांचा आहे आणि तो पक्का आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्यातच उतरा. ताम्हिणी किंवा पसरणीला स्कूटर नेणाऱ्यांना मात्र ही सोय फारशी नाही. वेग फार कमी झाला की स्कूटरचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. तेव्हा दोन्ही ब्रेक वापरायचे, दाबून न धरता सोडत-सोडत वापरायचे, आणि मधे एखादा चहा घ्यायचा. ब्रेक गार व्हायला चहाइतका वेळ पुरतो.

कॅच पकडताना हात मागे का घेतो?

धडक झालीच तर? तिथेही तोच हिशेब, फक्त आता ऊर्जा आपल्या अंगातून जाणार असते.

गल्ली क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे हाताने माहीत आहे. १६० ग्रॅमचा सीझन बॉल १२०च्या वेगाने येतोय, सुमारे ९० ज्यूल ऊर्जा घेऊन. हात ताठ ठेवून दोन सेंटिमीटरमध्ये थांबवलात तर तळव्यावर साडेचारशे किलोंचा दाब येतो. हात छातीपर्यंत मागे घेत, तीस सेंटिमीटरमध्ये थांबवलात तर तीस किलोंचा. ऊर्जा तीच. अंतर वाढवलं की मार कमी होतो.

सीटबेल्ट म्हणजे मागे घेतलेला हात. साठच्या वेगाने धडकलेल्या गाडीत साठ किलोचा माणूस. बोनेट चुरगळतं, पट्टा थोडा ताणतो, सगळं मिळून अर्धा-पाऊण मीटर मिळतो आणि शरीरावर सुमारे दीड टनाचा जोर येतो. फासळ्या दुखतील, मोडतीलही, पण बहुधा माणूस वाचतो. पट्टा नसेल तर गाडी थांबते, माणूस साठनेच पुढे जात राहतो आणि पुढच्या सीटवर किंवा डॅशबोर्डवर पाच सेंटिमीटरमध्ये थांबतो. तेव्हा तो जोर सोळा-सतरा टनांचा असतो. दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसेन म्हणणाऱ्यांनी सतरा टन उचलून दाखवावेत.

मागच्या सीटला हा नियम लागू नाही असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. त्यात ते आणि जहांगीर पंडोल गेले. दोघंही मागे बसले होते आणि दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. त्यानंतर काही आठवडे सगळे मागेही पट्टा लावत होते. आता कॅबमध्ये मागचा पट्टा शोधायला गेलं तर बक्कल सीट कव्हरच्या खाली सापडतं, कधी सापडतच नाही. मी तरी अशी कॅब सोडते. दोनदा मीटिंगला उशीर झाला.

रेल्वेला १८६३ पासून माहीत आहे

याच घाटातून थोड्या अंतरावर रेल्वे जाते. जेम्स बर्कले या इंजिनिअरने आखलेला हा मार्ग १८६३ला सुरू झाला. मधेच कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे नेलं. २५ किमीमध्ये साडेपाचशे मीटरची चढण. कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लागतात, तोवर आपला वडा खाऊन होतो. चढताना इंजिनांची ताकद दिसते, पण रेल्वेला खरी काळजी उतरण्याची होती.

त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. घाटात मुख्य रुळांना फुटून वर चढत जाणारे आणि कुठेच न जाणारे फाटे आहेत, कॅच सायडिंग. उतरणारी गाडी आधी थांबून, आपले ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करते, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. थांबलीच नाही तर ती आपोआप त्या चढावर वळते आणि वेगाची पुन्हा उंची होत होत दमून थांबते. झोपाळाच तो, आठशे टनांचा.

आठशे टनांची गाडी ५०० मीटर उतरली तर जवळपास ११०० युनिटं मोकळी होतात. महिन्याला ११० युनिटं वापरणाऱ्या दहा घरांचं महिन्याभराचं बिल. ही ऊर्जा चाकांवर घासून जाळायची की परत घ्यायची? विजेच्या मोटरचा गुण असा, की वीज दिली की ती फिरते आणि ती फिरवली की वीज देते. ब्रेक लावताना मोटरचाच जनरेटर करायचा आणि वीज वरच्या तारेत परत सोडायची. याला म्हणतात रिजनरेटिव्ह ब्रेकिंग.

आपल्या रोजच्या लोकलमध्ये हे आलं २००७ पासून, सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या जांभळ्या-पांढऱ्या गाड्यांबरोबर. लोकलइतका फायदा याचा क्वचितच कुणाला होत असेल, कारण तिचं आयुष्य म्हणजे पळणं कमी आणि थांबणं जास्त. माणसांनी खच्चून भरलेली बारा डब्यांची गाडी सातशे टन धरली आणि वेग ८०, तर दर स्टेशनला थांबताना तिच्याकडे ४८ युनिटं असतात. दादर, ४८. पुढचा थांबा, पुन्हा ४८. नव्या गाड्यांमुळे विजेत ३० टक्क्यांच्या आसपास बचत होते असं रेल्वे सांगत आली आहे. तुमची गाडी दादरला थांबताना दिलेली वीज घेऊन शेजारच्या रुळावरची गाडी सुटत असते. दिल्ली मेट्रोने तर याच बचतीवर २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत कार्बन क्रेडिटसाठी नोंदणी मिळवली, आणि तसं करणारा तो जगातला पहिला रेल्वे प्रकल्प ठरला.

इलेक्ट्रिक कारमध्ये आता हेच आपल्या हातात आलंय. घाट उतरताना बॅटरीचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढताना पाहणं हा एकदम भारी अनुभव आहे. मात्र फार हवेत जाऊ नका. दोन युनिटांतलं अर्धं हवा-टायरने नेलेलं, उरलेल्यात बॅटरीत जाता-जाता आणखी गळती. हाती अर्धं-पाऊण युनिट येतं, म्हणजे बॅटरीचे दोनेक टक्के. खरा फायदा ब्रेक गार राहतात हा. आणि एक टीप: लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून घाटात उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज ठेवायला जागा नसते. मग सगळं पुन्हा ब्रेकवर.

दोन पायांची गाडी

ही सोय देवाने आपल्याला दिली नाही.

सिंहगड घ्या. पायथ्यापासून साधारण सहाशे मीटरची चढण. सत्तर किलोचा माणूस वर जातो तेव्हा शंभर किलोकॅलरी उंचीच्या खात्यात जमा होतात. स्नायू खाल्लेल्या अन्नातला जेमतेम चौथा हिस्सा कामात बदलतात, बाकीचा घाम. म्हणजे चारशे खर्च. वर गेल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी, वर मडक्यातलं दही. चारशे तिथेच परत, व्याजासकट. साधा वडापाव तीनशे किलोकॅलरीचा धरला तर तो पूर्ण जिरवायला साठ किलोच्या माणसाला पावणेदोनशे मजले चढावे लागतात. ऑफिसात लिफ्टऐवजी जिना घेऊन वजन कमी करणाऱ्यांचं मनोधैर्य मला खच्ची करायचं नाही, म्हणून इथेच थांबते.

उतरताना त्या शंभर किलोकॅलरी परत मिळायला हव्यात की नाही? नियमाने मिळतातच, पण उष्णता म्हणून. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतात, आपल्याला प्रत्येक पायरीवर अडवून धरतात. तेच आपले ब्रेक पॅड. पळताना टाचेमागचा स्नायुबंध स्प्रिंगसारखी थोडी ऊर्जा साठवून परत देतो खरा, पण गड उतरताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. अशा ताणलेल्या अवस्थेत काम केलेल्या स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिचं दुखणं लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं.

म्हणून रविवारी गड चढताना धापा टाकणारा तुमचा कलीग मंगळवारी एकदम ठणठणीत दिसतो, आणि लिफ्ट बंद पडलेली असली की वर चढून येतो बिनतक्रार. जेवायला खाली जायचं म्हटलं की मात्र कठडा धरून, एकेक पायरी आडवा उतरतो.